चौथी पाटी

माझी नोकरी दोन काट्यांवर चालते.
एक भिंतीवरचा, दुसरा गेटाजवळचा,
ज्यावर अठरा चाकं चढली की
आकडा आधी गांगरतो, मग ठाम होतो.
चिनी मातीचे कंटेनर नेहमीच जड.
मालवाले कागदावर हलके लिहितात,
पण माती कुठे कागद वाचते.
"तीन आसांची चासी लाव," मी सांगते,
"नाहीतर पुलाआधीच अडवतील."
दोन आसांची घेऊन आलेला पोरगा मग
तासभर शिव्या घालतो.
मला नाही, अख्ख्या सव्हाना बंदराला.

रात्री दहानंतर कागद-कारखान्याचा वास
दलदलीवरून आत येतो, उकडलेल्या कोबीसारखा.
पडद्यावर माझी माणसं म्हणजे ठिपके.
हिरवा म्हणजे चालतोय. पिवळा म्हणजे उभा.

ओडेलचा ठिपका मी शंभरात ओळखते.
रुळांपाशी तो पिवळा होतो, पुरता पिवळा.
घातक माल असेल तर थांबायचंच, असा कायदा:
फाटक उघडं असो, आगगाडी दहा मैल लांब असो,
थांबायचं, कान द्यायचा, मग निघायचं.
बाकीचे थांबल्यासारखं करतात.
ओडेल काच खाली घेतो,
इंजिनाच्या घरघरीपलीकडचं ऐकतो.

त्या गुरुवारी रेल्वे यार्ड बंद व्हायला
बावन्न मिनिटं होती.
टाकीत कॉस्टिक सोडा.
ठिपका रुळांपाशी पिवळा झाला
आणि पिवळाच राहिला.
मी दहा मोजले. साठ मोजले. फोन लावला.

"मिस रोझेटा, एक पाटी गेली.
डावीकडची. वाऱ्यानं नेली असावी."
"जादाची?"
"ती लॅमारला दिली परवा."
"तीन बाजूंना आहे ना?" मी म्हणाले.
हो, हे मीच म्हणाले. लपवत नाही.
तो जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, "डावीकडून येणाऱ्याला काय कळणार?"

दार उघडल्याचा आवाज. खडीत बूट.
फोन त्याच्या खिशात, चालूच.
एकोणीस मिनिटं मी बेडूक ऐकले,
टॉर्चची चालू-बंद, त्याचा दम,
एकदा "हात्तिच्या" म्हणावं तसं काहीतरी,
आणि झुडपं फाटल्याचा आवाज.
भिंतीवरचा काटा सरकत होता.
मी त्याच्याकडे पाठ केली.

पाटी सापडली, चिखल पुसला, लागली.
यार्ड बंद झालं.
टाकी सोमवारपर्यंत तिथंच, रोजचं भाडं चढत.
प्रुइटसाहेबांनी विचारलं, कारण काय लिहू?
"पाटी," मी म्हणाले.
"एका पाटीसाठी?"
मी परत म्हणाले, "पाटी."

सकाळी ओडेल खिडकीशी आला.
नऊ वर्षं त्या फटीतून
फक्त कागद आत-बाहेर केलेत आम्ही.
आज कागदामागून पंजा आला, उताणा.
तळव्यात काटा, रानबेरीच्या जाळीतला,
भोवती लाल फुगलेलं.
"चष्मा घरी राहिलाय," तो म्हणाला,
जणू ही पण एक पावती, सही हवी.

त्या पाटीवर एक चित्र असतं,
मी हजारदा फॉर्मवर पाहिलेलं:
काचनळीतून थेंब पडतोय हातावर,
हात खाल्ला जातोय.
कोणाचा हात, कधी मनात आलं नव्हतं.

कॅलेंडरची टाचणी काढली, लायटरवर धरली.
बोटांना घट्टे, जुन्या भाजण्याचा डाग,
आयुष्याची रेषा ग्रीसनं भरलेली.
"हलू नका," मी म्हणाले.
तो रुळांपाशी थांबतो तसा थांबला.

काटा निघाला, एवढासा.
माझ्या टेबलावर दोन काट्यांचा हिशेब असतो,
या तिसऱ्याला रकाना नव्हता.
मी तो बिलांवर ठेवला.
तेवढ्यात मागच्या गाडीनं हॉर्न दिला.
तीही मातीचीच होती, आणि नक्की जड.